शेवटची हजेरी

वुब्बोनं ते वाचलं तेव्हा आपण काही विशेष वाचतोय असं त्याला वाटलंही नसावं. पुढच्या दारालगत मीटरचं कपाट आहे, त्याच्यासमोर तो जमिनीवर फतकल मारून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि जुन्या डब्याच्या पोटात कायकाय आहे त्याची यादी तो बाजारहाट वाचावा तशी मोठ्यानं वाचत होता. दिवे चौदा. हीटरचे वॉल्व्ह सहा. दारं दोन. “माणसं दोन,” तो म्हणाला. “रूलीन. शेवटची हजेरी दोनशे चौदा दिवसांपूर्वी. अगं, याच घरात राहतेस ना तू? आणि योरिट. शेवटची हजेरी आज, सकाळी सहा बावन्न.” रूलीन कॉफीचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती चालता चालता थांबली, एवढंच झालं. कॉफी सांडली नाही, बशीतलं बिस्किटही हललं नाही. “आज?” तिनं विचारलं. “आज,” वुब्बो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली. “काहीतरी चूक असेल,” ती म्हणाली. वुब्बो मान न वळवता म्हणाला, “यंत्र आहे ते, रूलीन. बिघडेल, बंद पडेल, पण भिडेखातर खोटं बोलणार नाही.”

डबा रूलीनच्या मुलानं, योरिटनंच बसवला होता, आठ वर्षांपूर्वीच्या नाताळात. राखाडी रंगाचा, पावाच्या लादीएवढा. घरातल्या दिव्यांनी कधी लागावं, हीटरनं कधी तापावं, दार उघडलं की काय व्हावं, हे सगळं तो ठरवायचा. चार दिवसांच्या सुट्टीतले तीन दिवस योरिट शिडीवर होता आणि तिचा नवरा हार्म खाली शिडी धरून उभा होता, आणि दोघं मिळून असे हसत होते की रूलीनला वाटलं होतं, आपण या घरात भाड्यानं राहतो. आता डबा बनवणारी कंपनी तिसऱ्याच कुणाच्या हाती गेली होती आणि तिथून पत्र आलं होतं की महिनाअखेरीपासून हा डबा चालणार नाही. वुब्बोनं आपल्या घरी नवा बसवला होता. पांढरा, मुठीत मावेल एवढा. तो बाहेरच्या कुणाशी बोलत नाही, घरातलं घरात ठेवतो, असं तो अभिमानानं सांगायचा. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असल्या गोष्टींचा हुरूप असतो. शेजारचं घर, मधली भिंत एक. त्यामुळे रूलीनच्या घरचाही डबा बदलायचा हे त्यानंच ठरवून टाकलं होतं.

“आधीचं दिसतं का?” रूलीननं विचारलं. नव्वद दिवसांचं दिसत होतं. वुब्बोनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि स्वतः कॉफीच्या कपात बघत बसला. रोज सकाळी एकदा. सहा बावन्न, सहा अठ्ठेचाळीस, सहा पंचावन्न. रविवारी जरा उशिरा. दहा-पंधरा सेकंद आत, की बाहेर. तिनं बोट खाली खाली नेलं. ऑगस्टमध्ये ती आसेनला बहिणीकडे दोन रात्री राहिली होती. त्या दोन दिवसांत तो सोळा वेळा आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवसात अकरा वेळा, त्यातलं शेवटचं ती दवाखान्यातून परत आल्यावर वीस मिनिटांनी. नंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदाच, सहा पन्नासला. समुद्रापलीकडे बर्गेनला, त्याच्या खोलीत, किंवा ट्राममध्ये, किंवा ओट्याशी उभं राहून तो फोनवरून या डब्यात डोकावत होता. त्याचं तिथलं घर तिनं पाहिलेलं नव्हतं. तीन वर्षांत तो एकदाही आला नव्हता, आणि वाढदिवसाला येणारं कार्ड दुकानात छापलेल्या ओळींनीच बोलायचं. “त्याला काय दिसतं इथलं?” ती म्हणाली. वुब्बो म्हणाला, “कॅमेरा नाही, घाबरू नकोस. ओट्यावरचा दिवा लागला का, घर किती गरम आहे, दार उघडलं का. बस.” मग त्यानं विचारलं, “घ्यायचं का कामाला? एकेक वस्तू जुन्यातून सोडवायची, मग नव्यात घालायची. जुन्यानं सोडल्याशिवाय नवा हात लावत नाही. काडीमोडाशिवाय दुसरं लग्न नाही. आमच्या धाकटीला जे जमलं ते या दिव्यांना जमत नाही.” एरवी ती हसली असती. “आज नको,” ती म्हणाली. “महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे ना. तोवर राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यातच थबकली आणि वर परत जाऊन केस विंचरून आली. मग स्वतःलाच खजील झाली, कारण त्याला केस दिसणार नव्हते, दिवाच दिसणार होता. स्वयंपाकघरात बटण दाबण्यापूर्वी तिनं घड्याळ पाहिलं. साडेसहाला दहा कमी. दिवा लावला. शेगडीवर दूध ठेवलं. आणि सहा पंचेचाळीसपासून तिचं पाव कापण्यातलं लक्ष उडालं, ते सात वाजून गेले तरी परत आलं नाही. बाहेर अंधार होता, पलीकडच्या घरांच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत होत्या, सायकलवरची पहिली माणसं दाम्स्टरडीप कालव्याच्या दिशेनं मान खाली घालून चालली होती. यातल्या कुठल्यातरी क्षणी तो आत येऊन गेला असणार. पावलांचा आवाज नाही, दाराची करकर नाही. तरी मानेमागे कुणी उभं राहिल्यावर जसं कळतं तसं काहीतरी आपल्याला कळेल अशी तिला आशा होती. काही कळलं नाही. दूध उतू गेलं.

सदतीस वर्षं तिनं शहराच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं. काठावर उभं राहायचं, हातात लांब काठी, आणि नजर पाण्यावर. काठी शक्यतो वापरायची नाही. मूल गटांगळी खातं, घाबरतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि आपण दोन सेकंद थांबायचं, कारण त्या दोन सेकंदांत ते शिकतं. आईबापांना काचेपलीकडे बसवायचं, हा तिचा कडक नियम होता. काचेला नाक लावून ती बिचारी माणसं हातवारे करत राहायची, आत काही ऐकू यायचं नाही. योरिटही तिच्याकडेच शिकला. त्याला तिनं दोनाऐवजी चार सेकंद थांबून शिकवलं होतं, म्हणजे कुणी म्हणू नये की स्वतःच्या मुलाला सोपं करते. हे आठवून तिला आता एकदम राग आला. स्वतःचा नाही, त्याचा. गुडघा कापला तेव्हा अकरा वेळा बघून गेलास आणि एकदा फोन करवला नाही? काचेला नाक लावून बसलास? मग राग ओसरला आणि त्याच्या जागी जे राहिलं त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. रोज सकाळी आपल्याला कुणीतरी बघत होतं. तीन वर्षं ती या घरात एकटी आहे असं समजून वावरली होती. कधी गाऊनवर, कधी रडत, कधी नुसती ओट्याला टेकून. आणि त्या सगळ्या सकाळी ती एकटी नव्हती. हे आधी कळलं असतं तर? कळलं असतं तर, तिला वाटलं, मी जास्त वेळा दिवा लावला असता.

तीन वर्षांपूर्वी हार्मच्या इच्छामरणाचा दिवस शनिवारी ठरला होता. आजार गळ्याचा, आणि पुढे काय होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. हार्मनं स्वतः कागद भरले होते, दुसऱ्या डॉक्टरनं येऊन बोलून खात्री केली होती. योरिट शुक्रवारी संध्याकाळी येणार होता, शनिवारी सकाळी तिघांनी एकत्र न्याहारी करायची, आणि मग. सगळं नीट, कुणावर ओझं न टाकता. पण मंगळवारची रात्र हार्मला काढवली नाही आणि बुधवारी सकाळी त्याला स्वतःची थुंकीही गिळता येईना. अकरा वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हार्मची इच्छा असेल तर मी आज चारला येऊ शकते, त्या म्हणाल्या. आणि विचारलं, मुलाला कळवलंत? रूलीन म्हणाली, कळवते. बर्गेनहून दुपारचं विमान होतं. उतरून पुढची गाडी धरून तो रात्री नऊला दारात उभा राहिला असता. डॉक्टरीणबाई रात्री आल्या असत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या असत्या. फोन हातातच होता, तिनं तो ठेवून दिला. संध्याकाळी सहाला तिनं योरिटला फोन केला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आणि तो जेव्हा म्हणाला, मला का नाही सांगितलंस, तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते असं: बाबांनीच नको म्हटलं. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला, हातात केकची बशी धरून तो तिला म्हणाला होता, “बाबा असं म्हणणार नाहीत. पण आता त्यांना विचारणार कोण?” बशी त्यानं खिडकीत ठेवली आणि तो गेला. केक तसाच होता.

खरं काय ते तिला माहीत होतं. बाकी कुणालाच नव्हतं, वुब्बोलाही नाही. हार्मनं नको म्हटलं नव्हतं. त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. ते दोघं बापलेक एकत्र आले की खोलीतली सगळी हवा त्यांची व्हायची, आणि रूलीन चहा आणणारी व्हायची. एक्केचाळीस वर्षांच्या संसाराचे शेवटचे पाच तास तिला कुणाबरोबर वाटून घ्यायचे नव्हते, एवढंच खरं होतं. तिनं मुलाला दाराबाहेर ठेवलं होतं आणि दार लावण्याचं खापर मेलेल्या नवऱ्यावर फोडलं होतं.

वुब्बोनं ती यादी वाचून आठवडा झाला, त्या शनिवारी तिनं दिवा लावला नाही. आदल्या रात्री काही ठरवलं नव्हतं. सकाळी जिना उतरून ती स्वयंपाकघराच्या दारात आली, बटणावर बोट ठेवलं, आणि काढून घेतलं. अंगावर हार्मचा जुना लोकरी कोट ओढून ती जेवणाच्या टेबलाशी अंधारात बसली. सहा बावन्न झाले. सात झाले. घर अगदी गप्प होतं, फक्त हीटरच्या नळीत मधूनच पाणी वळायचं. सव्वासात. आता तो दुसऱ्यांदा आला असेल. आता तिसऱ्यांदा. आता त्यानं हातातला कप खाली ठेवला असेल. तिला चहाची तल्लफ आली तरी ती उठली नाही. खिडकीत उजाडायला लागलं, टेबलाच्या कडा दिसू लागल्या. तिच्या छातीत जे होतं ते भय नव्हतं, दुःख नव्हतं. ते सुख होतं, अगदी शरम वाटावी असं. कुणीतरी दूर, समुद्रापलीकडे, तिच्यासाठी घाबरत होतं, आणि तिला ते मिनिटामिनिटानं कळत होतं. फोन वाजेल. आता वाजेल. फोन वाजला नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

वुब्बो पायजम्यावर जॅकेट चढवून आला होता. तिला धडधाकट उभी बघून त्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. “बरी आहेस?” “बरी आहे.” “मग ठीक.” तो आत आला नाही. बुटांकडे बघत म्हणाला, “योरिटचा फोन आला होता. म्हणाला, काका, जरा आईकडे डोकावता का. मी म्हटलं, तूच लाव की तिला फोन. तर म्हणाला, मी बघतो हे तिला कळू देऊ नका.” वुब्बोनं कानामागे खाजवलं. “मी आधीच सांगून बसलोय हे त्याला कुठं माहीत? मी हो म्हटलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पोराशी खोटं बोललो, रूलीन. मला हे झेपत नाही.” “त्याचा आवाज कसा होता?” तिनं विचारलं. वुब्बोनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरचा कोट, मागचं काळोखातलं स्वयंपाकघर, टेबलाशी मागे सरकवलेली एकच खुर्ची, सगळं पाहिलं. त्याला समजलं असावं. “लहानपणी आमच्या काचेवर चेंडू मारला होता ना,” तो म्हणाला, “तेव्हा होता तसा.” मग वळला. जाता जाता म्हणाला, “असं पुन्हा करू नकोस.” तो गेल्यावर तिनं ओट्यावरचा दिवा लावला. बाहेर लख्ख उजेड होता, दिवा लागलाय हे खोलीत कळतही नव्हतं, पण तिकडे कळत होतं. ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

बदलायचा दिवस उजाडला. गुरुवार. वुब्बो नवा डबा खिशात घालून आला, दोघांनी मोहरीचं सूप आणि पाव खाल्ला आणि कामाला लागले. रूलीननं खोलीखोलीत जायचं, दिव्याच्या किंवा वॉल्व्हच्या बुडाशी असलेली बारीक कळ दाबून धरायची, आणि वुब्बोनं खालून ओरडायचं, सुटला, की पुढचा. तो नावं वाचत होता. नावं योरिटनं दिलेली. “बाबांची खुर्ची.” सुटला. “दमलेले पाय.” तो जिन्यातला दिवा. सुटला. “कुणी यायचं नाही.” ती त्याची जुनी खोली, पोरवयात दारावर लावलेली पाटी. तिथला दिवा कपाटावर होता, तिला स्टुलावर चढावं लागलं, गुडघा कुरकुरला. कळ दाबून धरताना तिला वाटलं, घर आपल्या हातांनी मुकं करत चाललोय. सुटलेल्या दिव्यांना कुणाची आज्ञा उरली नव्हती आणि नवी अजून मिळाली नव्हती, ते नुसते लटकत होते. दुपारी तीनपर्यंत जुन्या डब्यात फक्त ओट्यावरचा दिवा आणि न्हाणीघराचा हीटर राहिला. “थांब,” वुब्बोचा आवाज आला. “खाली ये जरा. नियम उतरवून घ्यायचे राहिले.”

नियम सतरा होते. बहुतेक जुने, पहिल्या नाताळातले. दोनच नंतरचे. वुब्बोनं तारीख वाचली आणि रूलीननं मनात हिशेब केला. हार्म जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. पहिल्या नियमाचं नाव ‘आई उठली’. सकाळी आठपर्यंत ओट्यावरचा दिवा लागला नाही तर योरिटला निरोप. दुसऱ्याला नाव नव्हतं. ऑक्टोबर ते एप्रिल, सकाळी सहापासून न्हाणीघर तेवीस अंशांवर. रूलीन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तीन हिवाळे ती सकाळी त्या उबेत पाय ठेवायची आणि मनात म्हणायची, हार्म, जाताना एवढं मात्र बरं केलंस. “गंमत अशी,” वुब्बो हळूच म्हणाला, “की आठपर्यंत दिवा नाही लागला तर त्याला निरोप जाणारच होता. त्यानं रोज सहा बावन्नला स्वतः येऊन बघायची काही गरज नव्हती.” वुब्बोनं जमिनीवरचे स्क्रू गोळा केले. “नव्यात त्याचं नाव घालू का? घातलं तर तुझ्या नावानं त्याला निमंत्रण जाईल. म्हणजे त्याला कळेल की तुला कळलंय. नाही घातलं तर आजपासून त्याला इथलं काही दिसणार नाही.”

तिनं डोळे मिटले. नाव घातलं तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. तो निमंत्रण घेईल किंवा घेणार नाही. घेतलं तर रोज सकाळी बघेल, ती रोज सकाळी दिवा लावेल. दोघंही आपापल्या बाजूनं काचेला नाक लावून बसतील, दहा वर्षं, पंधरा वर्षं, आणि एका सकाळी खरोखरच दिवा लागणार नाही. तोवर त्या बुधवारबद्दलचं खोटं तसंच राहील. ते तिच्याबरोबर पुरलं जाईल आणि योरिट उरलेला जन्म बापावर रुसून काढेल, ज्यानं त्याचं काही वाईट केलं नव्हतं. “नको,” ती म्हणाली. वुब्बोला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “त्याला बाहेर ठेवतेस?” “डब्यातून ठेवते.” “रूलीन, तो पोरगा—” “वुब्बो, तू आता घरी जा,” ती म्हणाली. “राहिलेले दोन सोडव, नव्यात घाल, आणि जा. मला फोन करायचाय.”

योरिटनं दुसऱ्या घंटीलाच उचलला. “आई? काय झालं?” तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द, आणि त्यात फक्त धास्ती. “काही झालं नाही. मी बरी आहे. डबा बदलला.” तिकडून सावधपणे, “कुठला डबा?” “तुला माहीत आहे कुठला.” “वुब्बोकाकांनी सांगितलं?” “डब्यातच लिहिलेलं होतं. कळून बारा दिवस झाले.” तो मनात दिवस मोजतोय हे तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. “म्हणजे शनिवारी तुला माहीत होतं.” “हो. मुद्दाम अंधारात बसले होते. तू फोन करतोस का बघायला.” “मी विमानाचं तिकीट बघत होतो, आई. कपडे भरायला घेतले होते.” “ते चुकलं माझं. पण मी त्यासाठी फोन केलेला नाही. मी आता एक सांगते, ते मला पुरतं सांगू दे. बाबांनी नको म्हटलं नव्हतं. त्यांनी तुला बोलावू नका असं कधीच म्हटलं नाही. मला अकराला कळलं की आजच होणार, आणि मी तुला फोन केला नाही. रात्रीपर्यंत थांबता आलं असतं. मला ते दोघांतच हवे होते. तू आलास की ते तुझे होतात. म्हणून नाही केला. आणि नंतर त्यांचं नाव पुढे केलं.” तिला वाटलं होतं हे सांगताना रडू येईल. रडू आलं नाही. आवाज तलावावरचा निघाला, कोरडा, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाणारा. पलीकडे कुठेतरी नळ टपकत होता. “योरिट?” ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला होता. आदळून नाही. नुसता ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सहाला ती न्हाणीघरात गेली. वुब्बोनं दोन्ही नियम न विचारता नव्या डब्यात उतरवले होते, फक्त निरोपाच्या जागी योरिटऐवजी स्वतःचं नाव घातलं होतं. जमीन उबदार होती. ती ओट्यावर आली, दिवा लावला. सहा बावन्न झाले, सात झाले. आता खरोखर कुणी बघत नव्हतं. नवा डबा कपाटात गुमान आपलं काम करत होता, घरातलं घरात ठेवत होता. तिनं बर्गेनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शनिवारी लावला, रविवारी लावला. सोमवारी लावताना तिच्या लक्षात आलं की आपण नंबर न बघता फिरवतोय. मंगळवारी ती बाजारात गेली, मासळी घेतली, वुब्बोला अर्धी दिली, आणि वुब्बोनं काही विचारलं नाही. मनाला सारखं वाटत राहायचं की जे होतं तेही आपण घालवलं. दहा-पंधरा सेकंद का होईना, रोज होतं. चांगलं चाललं होतं, खोट्यावर का होईना, चाललं होतं. तरी बोललेलं परत घ्यावं असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही. संध्याकाळी हार्मच्या खुर्चीत बसून ती त्याला मनातल्या मनात म्हणायची, तुझ्यावरचं उतरवलं बाबा मी. माझ्यावर घेतलं. आता बघू.

पुढच्या गुरुवारी सकाळी सव्वाआठला फोन वाजला. ती दारात सायकल काढत होती, ती भिंतीला टेकवून परत आत आली.

“मी अजून रागावलेलो आहे,” योरिट म्हणाला.

“बरं.”

“कमी झालेलं नाही. उलट वाढलंय. आधी दोघांवर अर्धं अर्धं होतं.”

“हो,” रूलीन म्हणाली. “असणार.”

आज त्याच्याकडचा नळ टपकत नव्हता. मग तो म्हणाला, “मला ती दुपार सांग. अकरापासून चारपर्यंत. सगळी.”

ती खुर्ची ओढून बसली. हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ते पाच तास तिचे होते. वापरून विरतील या भीतीनं ती स्वतःसुद्धा ते फारसे बाहेर काढायची नाही. आता एकदा सांगितले की ते दोघांचे होणार, त्याला हवे तसे तो ते आठवणार, त्यात त्याचं काहीतरी मिसळणार. तिनं कोटाचं वरचं बटण काढलं.

“तुला कामावर जायचं असेल.”

“आज नाही जात.”

“लांब आहे.”

“सांग, आई.”

“फोन ठेवून मी खोलीत गेले,” रूलीन म्हणाली, “तर ते खिडकीकडे तोंड करून होते. मला विचारलं, पूल वर आहे का गं? बोलणं समजत नव्हतं धड, मी कान जवळ नेला. आपल्या खिडकीतून कुठला पूल दिसतोय? पण तीस वर्षं कालव्यावर पूल उघडला नि मिटला त्यांनी, त्यांच्या डोळ्यांपुढे असेल. मी म्हटलं, हो, वर आहे. तर म्हणाले, मग थांबायला हवं. बोट जाऊ दे. मी म्हटलं, कसली बोट आहे? म्हणाले, वाळूची. लांब आहे, वेळ लागेल. मग आम्ही बोट जायची वाट बघत बसलो. मी त्यांचा हात धरला होता. मध्येच ते म्हणाले, डेकवर एक कुत्रा आहे. मी म्हटलं, कसला? म्हणाले, तपकिरी. योरिटला आवडला असता.” ती थांबली. हे वाक्य तिनं तीन वर्षं सगळ्यात खाली ठेवलं होतं.

पलीकडून श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यासारखा.

“मग?” योरिटनं विचारलं.

“मग साडेबारा वाजले,” ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.